काडी मोडणे ते घटस्फोट: महाराष्ट्रात विवाह कसे संपत आणि कायद्याने त्याचे काय केले

१/ ‘घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना, आपल्याकडे असले काही नव्हतेच.’ हे वाक्य आपण प्रत्येकाने घरात, लग्नमंडपात किंवा दूरचित्रवाणीवरील चर्चेत कधी ना कधी ऐकलेले असते. ते कितपत खरे आहे? या प्रश्नाचा माग काढताना जातपंचायत, मुंबईचे उच्च न्यायालय, एक निर्भय तरुणी आणि दोन मराठी शब्द वाटेत भेटतात. त्या दोन शब्दांपासूनच हा धागा सुरू करू.

२/ पहिला शब्द ‘काडीमोड’. नवरा-बायकोचे पटेनासे झाले की जातीच्या पंचांसमक्ष एक काडी मोडायची. काडीचे दोन तुकडे झाले की संबंध तुटला. ‘काडी मोडून देणे’ हा वाक्प्रचार यातूनच आला. याच कामी लिहून दिलेला कागद म्हणजे ‘सोडचिठ्ठी’ किंवा ‘फारकत’. हे शब्द कोणा भाषांतरकाराने घडवलेले नाहीत. ते लोकव्यवहारातले आहेत आणि ज्या समाजात एखादा व्यवहारच नसतो, त्या समाजाला त्यासाठी तीन-तीन शब्द लागत नाहीत.

३/ दुसरा शब्द ‘घटस्फोट’. आज हा अधिकृत, प्रतिष्ठित शब्द वाटतो. पण त्याचा मूळ अर्थ विवाहाशी संबंधित नव्हता. धर्मशास्त्रानुसार पतित ठरलेल्या व्यक्तीला जातीबाहेर काढताना पाण्याने भरलेला घट उलथवीत अथवा फोडीत. ती व्यक्ती आप्तांच्या लेखी मेली, असा त्याचा अर्थ. म्हणजे मुळात बहिष्काराचा असलेला हा विधी पुढे विवाहविच्छेदाचे नाव होऊन बसला. एक शब्द पंचांसमोरच्या समझोत्याचा, दुसरा बहिष्काराचा. या दोन शब्दांमधल्या अंतरात बराच सामाजिक इतिहास दडलेला आहे.

४/ शास्त्रग्रंथांचे मत तरी एकच होते का? तेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धर्म्य मानलेल्या चार विवाहांना मोक्ष नाही, असे म्हटले आहे. मात्र परस्परद्वेष असल्यास विवाहातून सुटका होऊ शकते, हेही तेथेच सांगितले आहे. पती बेपत्ता झाला, मरण पावला, संन्यासी, क्लीब किंवा पतित झाला, तर स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभा देणारे वचन नारद आणि पराशर या दोन्ही स्मृतींत आढळते. विधवाविवाहाच्या वादात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशराचाच आधार घेतला होता. तथापि उच्चवर्णीय व्यवहारात कालांतराने ‘विवाह अविच्छेद्य’ हेच मत रूढ झाले.

५/ परंतु उच्चवर्णीय म्हणजे सारा समाज नव्हे. महाराष्ट्रातील कित्येक शेतकरी, कारागीर आणि दलित जातींत विधवेचा किंवा सोडचिठ्ठी मिळालेल्या स्त्रीचा पुनर्विवाह सर्रास होत असे. त्याला ‘पाट’ अथवा ‘मोहतूर’ म्हणत. मराठेशाहीत अशा विवाहांवर ‘पाटदाम’ नावाचा कर होता. सरकार ज्या गोष्टीवर नियमित कर बसवते, ती गोष्ट अपवादात्मक असत नाही. पाटदामाचा उल्लेख हा म्हणूनच सामाजिक इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा ठरतो.

६/ पेशवाई संपल्यावर दख्खनचा कारभार हाती घेतलेल्या एल्फिन्स्टनला एक अडचण जाणवली. लोकांचे तंटे त्यांच्या कायद्याने सोडवायचे, पण तो कायदा कोणता? पोथ्यांतला की चालीरीतींतला? आर्थर स्टील या अधिकाऱ्याने शास्त्र्यांची मते आणि विविध जातींच्या रूढी गोळा केल्या. त्याचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. पाट, सोडचिठ्ठी, पंचांचे अधिकार यांची दखल त्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज सरकारला हे सारे ठाऊक होते, एवढे त्यातून निश्चित होते.

७/ येथे थोडे थांबू. काडीमोड म्हणजे स्त्रीस्वातंत्र्याचे सुवर्णयुग होते का? अजिबात नाही. पंच पुरुषच असत. दंड भरावा लागे. पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च परत करण्याची अट अनेक ठिकाणी असे. मुले बहुधा बापाकडे राहत. पाटाचा विधी रात्री, गाजावाजा न करता होई आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे. तरीही नको असलेल्या विवाहातून बाहेर पडण्याची एक वाट होती. ती अरुंद होती, काटेरी होती, पण बंद नव्हती.

८/ ती बंद व्हायला सुरुवात झाली १८६२ च्या पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी भारतीय दंड संहिता अमलात आली. तिच्या कलम ४९४ ने पती किंवा पत्नी हयात असता केलेला दुसरा विवाह, जर त्या कारणाने रद्दबातल ठरत असेल, तर गुन्हा ठरवला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. वरवर पाहता कलम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच लागू. पण हिंदू पुरुषाचा दुसरा विवाह त्या काळी रद्दबातल ठरतच नव्हता. त्याला अनेक बायका करण्याची मोकळीक होती. परिणामी हिंदूंपुरते हे कलम स्त्रियांसाठीच उरले.

९/ आता कल्पना करा. एका स्त्रीने जातीच्या रिवाजानुसार पहिला नवरा सोडला आणि पंचांच्या संमतीने पाट लावला. पहिला नवरा फौजदारी न्यायालयात गेला. न्यायालयाने पहायचे काय? तिच्या जातीची रूढी की साहेबाची नीतिकल्पना? १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर गुजरातमधील तळपदा कोळी जातीचे असेच प्रकरण आले. पतीच्या संमतीविना स्त्रीने दुसरा विवाह करण्याची मुभा देणारी रूढी नीतिविरुद्ध म्हणून ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले.

१०/ बारा वर्षांनी, १८७६ च्या संभू रघू प्रकरणात हेच न्यायालय आणखी पुढे गेले. विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत, असा निर्णय झाला. ‘जातीने परवानगी दिली म्हणून आम्ही प्रामाणिकपणे हे लग्न वैध समजलो’, हा बचावही टिकला नाही. पतीची संमती असलेली काडीमोड रूढी म्हणून सिद्ध झाल्यास ती मान्य करण्यास न्यायालये पुढे तयार झाली. पण स्त्रीने स्वतःहून बाहेर पडण्याची वाट मात्र गुन्ह्याच्या कक्षेत गेली.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला आपण ‘हिंदू कायदा’ म्हणतो, तो काही अंशी या न्यायालयांत घडला. पोथीतला नियम सर्वांचा नियम मानला गेला आणि पोथीबाहेरच्या रूढीवर स्वतःला सिद्ध करण्याचा भार पडला. त्याच दशकात पारशांसाठी १८६५ चा विवाह व घटस्फोट कायदा आणि ख्रिस्ती समाजासाठी १८६९ चा घटस्फोट कायदा झाला. हिंदू स्त्रीसाठी मात्र असा कोणताही कायदा नव्हता.

१२/ या पार्श्वभूमीवर रखमाबाईंचा खटला पहा. जन्म १८६४, मुंबई. जात सुतार. वडील गेल्यावर आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्यांच्या जातीत तो संमत होता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. त्या माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या. पुढे दादाजींनी नांदायला येण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

१३/ दाव्याचे स्वरूप होते ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’, म्हणजे न्यायालयाने पत्नीला नांदायला पाठवावे ही मागणी. गंमत अशी की ही संकल्पना धर्मशास्त्रातली नव्हे. तिचा उगम इंग्लंडच्या चर्च न्यायालयांत आहे. ज्या वर्षी हा दावा दाखल झाला, त्याच १८८४ साली इंग्लंडने असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द केली. हिंदुस्थानात मात्र ती शिल्लक होती. तिकडे मोडीत निघालेले हत्यार इकडे ‘हिंदू संस्कृतीच्या रक्षणार्थ’ परजले जात होते.

१४/ २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न लावलेल्या आणि कधीही एकत्र न राहिलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना अमानुष वाटले. लोकमान्य टिळकांसह अनेकांनी या निकालावर कठोर टीका केली. अपिलात १८८६ साली निकाल फिरला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीस गेले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: महिनाभरात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कारावास.

१५/ रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शवली. तत्पूर्वीच ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे लिहून खळबळ उडवली होती. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा समावेश होता. खर्चासाठी समर्थकांनी समिती स्थापन करून निधी उभारला. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली.

१६/ समाजमाध्यमांवर एक गोष्ट वारंवार फिरते: ‘व्हिक्टोरिया राणीने रखमाबाईंचे लग्न रद्द केले आणि त्या कायदेशीर घटस्फोट घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या.’ ही मांडणी तपासून घ्यावी. १८८८ चा शेवट पैशांच्या तडजोडीने झाला. त्यांचा विवाह विसर्जित करण्याची तरतूद असलेला कायदाच त्या वेळी अस्तित्वात नव्हता. दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले. त्यांना ते खुले होते. रखमाबाईंना नव्हते. १९०४ साली दादाजी वारल्यावर त्यांनी वैधव्याची वस्त्रे नेसल्याचे चरित्रकार नोंदवतात.

१७/ ही दुरुस्ती क्षुल्लक वाटेल, पण ती महत्त्वाची आहे. ‘राणीने सोडवले’ या कथेत कायदा उदार भासतो. प्रत्यक्षात कायद्याने त्यांना सोडवले नाही. त्यांच्या हट्टाने, जमवलेल्या निधीने आणि प्रतिपक्षाच्या थकव्याने सोडवले. रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या, वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. पण ज्या स्त्रीजवळ नामवंत वकील, निधी आणि वर्तमानपत्र यांतले काहीच नव्हते, तिचे काय झाले असेल? अशा स्त्रियांची नावे आपल्याला फौजदारी निवाड्यांत शोधावी लागतात.

१८/ पुढचे पाऊल संस्थानांनी टाकले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास आंतरजातीय विवाह, स्त्रियांना मिळणारी क्रूर वागणूक आणि काडीमोड यांविषयी कायदे केले. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. तिकडे पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक येताच १९१० साली घटस्फोटाचा कायदा झाला आणि तो गोव्यालाही लागू झाला. परस्परसंमतीने घटस्फोट त्यात होता. ब्रिटिश मुलखातील हिंदूंना त्यासाठी कित्येक दशके थांबावे लागले.

१९/ ब्रिटिश हिंदुस्थानात बदल धीम्या गतीने आला. १९२३ साली नांदायला न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेतून काढण्यात आली. १९४६ साली विवाहित हिंदू स्त्रीला विशिष्ट कारणांस्तव वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्याविवाहावर बंदी घातली आणि १९४७ साली मुंबई हिंदू घटस्फोट कायदा केला. पतीने चार वर्षे टाकून दिले असल्यास पत्नी आता न्यायालयात जाऊ शकत होती.

२०/ द्विभार्याबंदीला आव्हान मिळाले. ‘मुसलमानांना मुभा, आम्हाला बंदी, हा भेदभाव नव्हे काय?’ हा प्रश्न नरसू अप्पा माळी खटल्यात उच्च न्यायालयापुढे आला. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याची राज्याला मुभा आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्या न्यायालयाने १८७६ साली स्त्रीची वाट रोखली होती, त्याच न्यायालयाने पाऊण शतकानंतर पुरुषाची मोकळीक काढून घेणारा कायदा उचलून धरला.

२१/ मग आले हिंदू कोड बिल. घटस्फोटाने हिंदू धर्म बुडेल, अशी ओरड झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी संसदेत दिलेला युक्तिवाद या धाग्याच्या गाभ्याशी भिडतो. हिंदूंमध्ये शूद्र गणला गेलेला समाज बहुसंख्य आहे आणि त्याच्यात काडीमोड पूर्वापार चालत आलेली आहे. मग आपण नवे ते काय आणतो आहोत, असा त्यांचा रोख होता. अल्पसंख्यांच्या रीतीला ‘हिंदू धर्म’ म्हणायचे आणि बहुसंख्यांच्या रीतीला अनाचार म्हणायचे, या सवयीवरच त्यांनी बोट ठेवले. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला.

२२/ पुढे बिलाचे तुकडे करून कायदे संमत झाले. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाईंचे निधन झाले. नव्वदी ओलांडलेल्या त्या वृद्धेच्या हयातीतले शेवटचे चार महिने असे होते, की ज्यात हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोट मागता येत होता. आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये, ज्या दाव्याने त्यांचे तारुण्य पोखरले, ती वैवाहिक हक्कांची पुनःस्थापनाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ती वैध ठरवली.

२३/ १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचे कारण ठरले आणि परस्परसंमतीचे कलम १३-ब आले. १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. पुणे आणि मुंबई येथे १९८९ पासून अशी न्यायालये आहेत. समेटाचा प्रयत्न करणे हे त्यांचे कर्तव्य असते आणि वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क म्हणून गृहीत धरलेला नाही. कल्पना अशी की माणसाने आपली गोष्ट स्वतः सांगावी. कागदावर ही रचना जुन्या पंचायतीची आठवण करून देते; फरक इतकाच की येथे निर्णय कायद्याने बांधलेला असतो.

२४/ काडीमोड मग संपली का? नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने मान्य असलेला विवाहविच्छेद आजही जपला आहे. मात्र ती रूढी प्राचीन आणि अखंड आहे, हे सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर असतो. आणि येथेच हा इतिहास आजच्या जगण्याला येऊन भिडतो. स्टॅम्पपेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घेतलेली सोडचिठ्ठी अनेकांना पुरेशी वाटते. रूढी सिद्ध झाली नाही, तर तो कागद न्यायालयात टिकत नाही. मग दुसरा विवाह रद्दबातल ठरतो आणि त्याची झळ बहुतेक वेळा स्त्रीलाच बसते, पोटगीपासून वारसापर्यंत.

२५/ म्हणून या धाग्यातून एक व्यावहारिक गोष्टही घेऊन जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे साधा अर्ज केला तरी वकील मिळू शकतो. रखमाबाईंसाठी निधी जमवावा लागला होता. आज तो खर्च राज्याने उचलायचा आहे. कोणी स्टॅम्पपेपरवरच्या सोडचिठ्ठीवर सही करायला निघाले असेल, तर आधी त्या कार्यालयाची पायरी चढायला सांगा.

२६/ समारोप. घटस्फोट पाश्चात्त्यांनी आणला, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पाश्चात्त्यांकडून आला तो नांदायला लावण्याचा दावा. काडी मोडणारे हात इथलेच होते. ते ज्यांचे होते त्यांना पोथीत जागा नव्हती, एवढेच. आपल्यापैकी कोणाच्या घरच्या जुन्या दप्तरात, मोडीतल्या कागदांत एखादी फारकत किंवा सोडचिठ्ठी असेल, तर ती लपवू नका आणि फाडू तर मुळीच नका. लाज वाटावी असे तिच्यात काही नाही. कोणा एका पणजीने वाट काढल्याचा तो पुरावा आहे.

धागा समाप्त.